हाकेला ओ

यांना अर्धांगाचा झटका आला आणि बोलणंच गेलं. बँकेच्या बदलीने जयपूरला आलो ते निवृत्तीनंतरही इथेच राहिलो. त्यामुळे बोलायला पुन्हा शिकवणारी बाईही हिंदी बोलणारीच मिळाली. गोपालपुऱ्यात, एका कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर तिची खोली.

पहिल्याच दिवशी तिने आवाजांची फोड करून सांगितली. प, त, क हे अडणारे. श्वास कोंडायचा आणि सोडायचा. बाकीचे वाहते, दम पुरेल तोवर लांबवता येणारे. त्यातले स आणि श घासत जातात, ल जिभेच्या कडांवरून निसटतो, ह म्हणजे नुसता उसासा आणि स्वरांना तर कशाचीच आडकाठी नाही. ‘म’बद्दल मात्र वाद आहे म्हणाली. तोंड बंद, नाक चालू. म्हणून कोणी त्याला इकडे घालतं, कोणी तिकडे. रुसले की माझंही असंच असतं, पण ते मी तिला सांगितलं नाही.

“अंकलजी आपको क्या कहकर बुलाते हैं?” तिने मला विचारलं. मी बोलायच्या आत सोबत आलेल्या आमच्या मुलीने माझं नाव सांगून टाकलं. ती इथेच वाढलेली, जावई तिला नावानेच हाक मारतो. मग कितीतरी दिवस हे माझ्या नावाशी झटत राहिले, घामाघूम व्हायचे. या माणसाने लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच माझं नाव! एरवी जन्मभर ‘अगं’.

मला तेवढी एक हाक हवी होती. बाकी काही बोलले नसते तरी चाललं असतं.

मी बाईंना ‘अगं’ सांगितलं. पण ‘अ’ निघायचा आणि ‘ग’पाशी सगळं अडायचं. यांचे डोळे भरून यायचे. एका सकाळी चहा देताना मी सवयीने म्हटलं, “अहो, गरम आहे हं.”

यांनी माझ्या ओठांकडे पाहिलं. “अ...हो,” म्हणाले. सगळे वाहते आवाज, अडायला जागाच नव्हती.

“अहो काय? बायको आहे मी तुमची!” मी म्हटलं आणि ढसाढसा रडले. ते अर्ध्या तोंडाने हसले.

मग मी त्यांची ‘अहो’च झाले. कारण नसताना हाका मारायचे, शेवटचा ओ दम संपेपर्यंत लांबवायचे. मी ओ द्यायचे, कधी वैतागूनही द्यायचे.

थंडीत दुसरा झटका आला, त्यात ते गेले.

चहा गाळला की माझ्या तोंडून अजून ‘अहो’ निघतं. ओ मात्र मलाच द्यावी लागते.