घराणं विचारणाऱ्या बाई

बाई कुणाच्या घरचं पाणी पीत नसत. कुठंही गेल्या तरी पिशवीत स्वतःची बाटली असायची. गल्लीतली पोरं त्यांना 'उकळीबाई' म्हणायची. कॉलेजात जंतूंचा विषय शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. शाहूपुरीत त्यांच्या घरी मी धुणीभांडी करायचे. पहिल्या दिवशी मी आडनाव सांगितलं आणि बाईंनी लगेच साबण दाखवला. हात धुऊन आत ये म्हणाल्या. आम्ही बौद्ध. साबण आडनावामुळं दाखवला, असं मी मनात धरून ठेवलं. आधीच्या घरी साबण नव्हता, पण माझा कप वेगळा होता.

दुपारी काही मुली त्यांच्याकडे शिकायला यायच्या. एकदा भांडी घासताना आतून बाईंचा आवाज आला, "हे घराणं चिवट. अंगावर कोट नाही, उघडंच. घाणीतून येतं, साबणालाही सहज दाद देत नाही. घरात शिरलं की सगळ्यांना धरतं."

माझा हात थांबला. आमचे मालक शिरोलीला फौंड्रीत होते, घरी आले की उघड्या अंगानंच बसायचे. त्यांना हे सांगितलं तर म्हणाले, सोड ते काम, भांडी घासायला घरं काय कमी हायत.

मी सोडलं नाही, पण बाईंना विचारायचा धीरही झाला नाही. दारामागून कान देऊन ऐकायला लागले. तेव्हा कळलं, ही विषाणूंची घराणी. पोटात धागा कोणता, एकेरी की दुहेरी, अंगावर चरबीचा कोट आहे की नाही, यावरून बाई त्यांची भावकी लावायच्या. कोटवाले साबणाला भितात, उघडे जास्त चिवट. गोवर आणि गालगुंड एकाच भावकीतले. देवी आणि कांजिण्या दिसायला सारख्या, पण एकमेकींच्या कुणी नव्हेत. "तोंड बघून फसायचं नाही, घराणं विचारायचं," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. मला ते कधीच आवडलं नाही. घराणं विचारणारी माणसं मी पुष्कळ बघितली होती.

माझी पोरगी लता बालवाडीत असताना तिला कावीळ झाली. मालकांचा भाऊ काविळीनंच गेला होता, त्यामुळं मालक खचून बसले. सासूबाईंनी पोरीच्या गळ्यात काविळीची माळ बांधली. मी कामावर गेले नाही, तर दुसऱ्या दिवशी बाई बाटलीसकट दारात. मला वाटलं, खाडा का केला ते विचारायला आल्या.

त्यांनी लताचे डोळे बघितले, माळ बघितली आणि चौकशी सुरू केली. पाणी कुठलं भरता, पोरीला सुई टोचली होती का, भावाला कधी रक्त चढवलं होतं का.

मालक चिडले. "आता चौकशी कशाला, बाई? आमच्या घराण्यालाच हाय ती."

"कोण म्हणालं? कावीळ हे नुसतं आडनाव आहे. एका आडनावाची सगळी एका घरातली असतात का? भावाची रक्तातून आलेली असेल. हिची पाण्यातली वाटते, पोलिओच्या भावकीतली. यातून बहुतेक पोरं उठतात. पण माझ्या वाटण्यावर जाऊ नका, आजच डॉक्टरांकडे नेऊन रक्त तपासा."

सासूबाईंनी पाण्याचा तांब्या पुढं केला. मी बाईंच्या पिशवीकडं बघत उभी राहिले.

"उकळलंय का?"

"व्हय की," मालक म्हणाले.

बाईंनी तांब्याला हात लावला. "हे माठातलं आहे. सुमन, माझ्यासमोर उकळ."

मी स्टो पेटवला. पाणी चांगलं खळखळलं. ते निवेपर्यंत बाई लताजवळ बसून राहिल्या आणि आमच्याच तांब्याला तोंड लावून प्यायल्या. बाटली पिशवीतच राहिली.

रक्ताचा रिपोर्ट त्या म्हणाल्या तसाच आला. लता उठली. पुढं बाई मुलाकडे पुण्याला गेल्या आणि तिथंच वारल्या. पुण्याला जाताना पाणी उकळायचं मोठं पातेलं मला देऊन गेल्या.

आता घरी कुणी आलं की मी पाणी देते आणि विचारायच्या आधीच सांगते, उकळलेलं आहे. काही जण तरीही पीत नाहीत. मग त्यांचं घराणं मला कळतं.