अकोट्यावरचा दिवा

आमचे शेजारी हात लावून बघितल्याशिवाय कशावरच विश्वास ठेवत नसत. नवा रंग दिलेलं दार दिसलं की यांचं बोट रंगलंच म्हणून समजा. आमच्याकडे जेवायला बसले तरी आमटी गरम आहे का, हे बोट बुडवूनच बघत. आई संतापायची, "मेल्या, बोट काढ आधी!" ते नुसते हसायचे.

त्या वैशाखात आमच्या संस्थानाचे महाराज विलायतेला गेले होते, आणि इकडे नदीपलीकडच्या अकोटा गावावर रोज दिवेलागणीनंतर आकाशात एक तांबूस उजेड दिसू लागला. तारा म्हणावा, तर तो डुलायचा. तापाने अंथरूण धरलेली आई म्हणाली, "मला न्यायला आलाय." तिने अन्नच सोडलं. वैद्यांचंही ऐकेना.

शेजाऱ्यांनी खिडकीतून बघितलं, "इथून कसं सांगू?" म्हणाले आणि चपला घालून निघाले.

परतले ते कागदी कंदील घेऊन. तुक्कल! संक्रांतीला पतंगाच्या दोरीला बांधून उडवतात ती. अकोट्यातला एक पतंगवाला वाऱ्यात न विझणारी वात करून बघत होता. भर उन्हाळ्यात तुक्कल कोणाच्या डोक्यात येणार?

"माई, हात लावा."

आईने लावला. बोटाला काजळी लागली. त्या बोटाकडे बघत ती हळूच म्हणाली, "पेज आहे का थोडी?"

माझ्या बायकोने पेजेची वाटी आणली. शेजाऱ्यांनी ती मध्येच घेतली आणि सवयीने बोट बुडवलं. चार दिवस नुसती कुजबुजणारी माझी आई गल्लीभर ऐकू जाईल अशी ओरडली, "मेल्या, बोट काढ आधी!"