सतरा नंबरची पोरं

"चोपन्न," मुख्याध्यापक म्हणाले. "शंभरपैकी चोपन्न."

समोर तीस-चाळीस पालक बसलेले. मी हातात चहाचा ट्रे घेऊन उभी. माझी मुलगी शेवटच्या खुर्चीवर. सरांनी तिचा प्रवेश परीक्षेचा पेपर वर धरला, सगळ्यांना दिसेल असा.

"ही आपल्या मावशींची मुलगी. मावशी चांगल्या आहेत. पण चोपन्न म्हणजे चोपन्न. तुमच्या लोकांना सवलती लय असतात, मावशी. इथं फक्त मेरिट चालतं."

काही पालक हसले. जोरात नाही, सभ्य माणसं हसतात तसे. मी ट्रे पुढे केला, लोकांनी कप उचलले. राग आला नाही, रडू आलं नाही. हात आपलं काम करत होते. मुलीकडे तेवढं बघितलं नाही.

परभणीतल्या त्या खासगी शाळेत मी नऊ वर्षं मावशी होते. वर्ग झाडायचे, घंटा द्यायची, परीक्षा झाली की पेपरचे गठ्ठे बांधायचे. त्यामुळे मला माहीत होतं, संस्थेच्या एका संचालकाच्या पुतण्याला त्याच परीक्षेत एकोणपन्नास पडले होते. त्याचा पेपर कुणी वर धरला नाही. तो नववी 'अ'मध्ये पुढच्या बाकावर बसला. हे मला माहीत होतं आणि मी गप्प बसले.

आम्ही ताडकळसचे. मुलगी आठवीपर्यंत गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकली. फार हुशार नाही, ढ तर मुळीच नाही. मधली. गणितात अडखळते, इतिहास मात्र गोष्टीसारखा सांगते. मधल्या पोरांचं कुणालाच काही पडलेलं नसतं. पहिल्या आलेल्याचा फोटो लागतो, नापास झालेल्याला निदान शिव्या तरी मिळतात. मधल्याचं नावसुद्धा गुरुजींना दोनदा विचारावं लागतं. मला एवढंच वाटायचं, जे वर्ग मी झाडते त्यातल्या एका बाकावर माझी पोर बसावी.

दोन दिवसांनी सरांनी आत बोलावलं. "मावशी, तुमच्यासाठी एक करतो. बसू द्या तिला नववीत. पण हजेरीत नाव येणार नाही. टीसी तुमच्याकडंच ठेवा. दहावीला सतरा नंबरचा फॉर्म भरू."

सतरा नंबरचा फॉर्म म्हणजे बाहेरून दहावीला बसणाऱ्यांचा. शाळा सुटलेल्यांसाठी, पोटापाण्याला लागलेल्यांसाठी तो केलेला. आमच्या शाळेनं त्याचा वेगळाच उपयोग शोधून काढला होता. पोरगं दोन वर्षं वर्गात बसणार, पण निकालाच्या दिवशी ते शाळेचं नसणार. कमी मार्क पडले तर त्याचे त्याला. म्हणून तर दरवर्षी गेटवर 'निकाल शंभर टक्के' असा बॅनर लागायचा. तो दोरीनं बांधायचं कामही माझंच.

मी सरांच्या पाया पडले. सांगायला लाज वाटते, पण पडले.

नववीत अशी सहा पोरं होती. शेवटचे दोन बाक त्यांचे. हजेरी सुरू झाली की चव्वेचाळीस वेळा 'येस मॅडम' व्हायचं आणि रजिस्टर मिटायचं. वह्या तपासायला घेताना या सहांच्या वह्या बाकावरच राहायच्या. पहिल्या महिन्यात पोरगी म्हणाली, "आई, माजं नाव कधी घेणारेत?"

"घेतील की. तू अभ्यास कर."

मग तिनं विचारणं सोडलं. हळूहळू बोलणंही. एसटीत खिडकीला डोकं टेकून बसायची. मी शेजारी. ताडकळस येईपर्यंत. मला वाटायचं, बरं आहे, रडत तर नाही.

दिवाळीनंतर शिक्षण खात्याची तपासणी आली. पटावर मुलं किती, वर्गात किती, ते मोजायला साहेब येणार होते. सकाळी सरांनी मला गाठलं. "ती सहा पोरं प्रयोगशाळेमागच्या खोलीत बसवा. बाहेरून कडी लावा. आवाज यायला नको."

त्या खोलीत मोडके बाक, फाटके नकाशे आणि माझे झाडू-फिनेल. मी पोरांना नेलं. कुणी का म्हणून विचारलं नाही. एकानं नकाशा अंथरला, दुसऱ्यानं डबा उघडला. माझी पोरगी दाराकडे तोंड करून उभी राहिली. मी दार ओढलं आणि कडी लावली. माझ्या हातानं, माझ्याच पोरीवर. खरं सांगते, तेव्हाही काही वाटलं नाही. स्टूल टाकून बाहेर राखणीला बसले.

अर्ध्या तासानं आतून तिचा आवाज आला. अगदी हळू.

"मावशी, दार उघडता का?"

आई नाही. मावशी. वर अहोजाहो. शाळेत मला आईच म्हण, असं मी तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. सहा महिन्यांत या शाळेनं तिचं नाव पुसलं होतं आणि आता माझंही. त्या सभेत जे वाटायला हवं होतं, ते सगळं त्या स्टुलावर वाटलं.

मी कडी काढली. म्हणाले, "चला रे सगळे."

नववी 'अ'मध्ये साहेब मोजतच होते. मी सहाही पोरं दारात उभी केली. सर धावत आले. "मावशी, काय करायलाव हे?"

मी साहेबांकडेच बघितलं. "साहेब, हे सहा बी हितलेच हायेत. जूनपासून बसायलेत. ह्या पोरायला कोंडून ठेवलं व्हतं."

सर हसून म्हणाले, "दुसऱ्या शाळेची मुलं आहेत साहेब, भेट द्यायला आलीत." साहेब म्हणाले, "बाई, लेखी तक्रार द्या," आणि पुढच्या वर्गाकडे वळले.

दुसऱ्या दिवशी मला कामावर येऊ नका म्हणून सांगितलं, सहाही पोरांना वर्गातून काढलं. बाकी पाच पोरांचे पालक माझ्या नावानं ओरडत घरापर्यंत आले. "तुझं गेलं ते गेलं, आमच्या लेकराचं वर्ष का घालवलंस?" त्यांचं चूक नव्हतं. पायही त्यांनी माझ्यासारखेच धरले असणार. पोरीला मी गावच्या हायस्कूलला घातलं. अजून ती वर्गात कमीच बोलते.

तक्रार मी स्वतः लिहिली, पाच पानं. शिक्षण कार्यालयातल्या कारकुनानं ती वाचली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "बाई, 'कडी मी लावली', हे कशाला लिव्हलं? काढा ते. तुमीच अडकताल."

"न्हाई काढत."

"आवो, तुमच्या भल्यासाठी सांगायलोय."

"भलं राहू द्या. शिक्का मारा."

त्यानं शिक्का मारला. कडी मी लावली, ते माझ्या नावासह लिहिलंय. लावायला कुणी सांगितली, ते त्याच्या खाली, सरांच्या नावासह. चौकशीला बोलावतील तेव्हा मी दोन्ही नावं मोठ्यानं वाचणार आहे. आधी माझं.