बंद शटरमागचा उजेड

बुधवार पेठेत स्टेजच्या लाइटचं दुकान चालवणारे ते काका. दर नाटकाला मी त्यांच्याकडेच जायचो, पण ते हसलेले मला आठवत नाहीत. त्या वर्षी आमच्या सॉफ्टवेअर कंपनीच्या नाटकासाठी धुक्याचं मशीन हवं होतं. मी आणि आमची नायिका, दोघं गेलो. मी सगळ्यात मोठ्या मशीनवर बोट ठेवलं.

"अहो, नाटक करताय की डास मारताय?" काका म्हणाले. "धूर दिसला की मशीन वाया. दिसायला हवा तो उजेड."

तेवढ्यात एक वाजला. एक ते चार दुकान बंद, हा त्यांचा कडक नेम. त्यांनी शटर ओढलं, पण आतून! काळोखात एक छोटं मशीन सुरू केलं आणि एकच दिवा लावला. अहाहा! समोर उजेडाचा खांबच उभा राहिला.

"बाई, त्यात उभ्या राहा आणि बोला. खोकला आला तर दुसरं मशीन."

ती अख्खा प्रवेश बोलली. खोकला नाही.

"मग? पुढे काय होतं?" काका स्टूल पुढे ओढत म्हणाले.

चार वाजता कुणीतरी शटर ठोठावलं. काका आतूनच ओरडले, "बंद आहे!"