वाफ द्यायचं राहिलेलं कापड

चौथीत शाळा सुटली ती सुटलीच. सोलापुरात कापड छापायला शिकलो. तिथलं काम बंद पडल्यावर रेवदंड्याच्या खाडीकाठी एका कारखान्यात येऊन पडलो. मला ठेवून घेतलं ते तिथल्या म्हाताऱ्या रंगाऱ्यांनी. सगळे त्यांना चाचा म्हणत. राहायला त्यांचीच पडवी, जेवण त्यांच्याच घरचं. कुणी इतकं दिलं की मला धास्तीच वाटते; आपल्या हातून काही बिघडलं तर?

नीळ पाण्यात विरघळत नाही. म्हणून खळीत नीळ, खार आणि एक पांढरी पूड कालवून ठसा मारायचा. वाफेच्या पेटीत ती पूड निळीतला प्राणवायू ओढून घेते. मग नीळ पिवळट होते, विरघळते, धाग्यात शिरते. बाहेर वारा लागला की पुन्हा निळी होऊन आतच अडकते.

नारळी पुनवेला कोळी गडी दर्यावर जात, वाफेची भट्टी थंड असे. त्या वर्षी आदल्या दिवशी चाचा मुरूडला लेकीकडे निघाले.

"वाफ देशील तेवढंच छाप," म्हणाले.

मी कारखान्याच्या शेठचं सगळं कापड छापलं. चाचा येऊन बघतील, खूश होतील, एवढंच डोक्यात. निम्म्याला वाफ द्यायची राहिली. सोलापुरात छापलेलं कापड दोन-दोन दिवस टांगलेलं असे, काही होत नसे.

एक गडी जाता जाता म्हणाला, "घाटावरल्या, हितं मीठपन सुकत न्हाय. तुझं कापड सुकनार व्हय?"

मी हसलो.

तिसऱ्या दिवशी चाचांसमोर ते वाफेतून काढलं. पिवळं झालंच नव्हतं. धुवायला घेतलं तर नीळ पाण्याबरोबर निघून गेली.

"दमट हवेनं पूड मेली," चाचा हळूच म्हणाले.

शेठ आले. "कुणाचं काम हे?"

कामावरून काढलं तर मला जायला जागा नव्हती. चाचांना ते ठाऊक होतं.

"माझं," ते म्हणाले. "मीच ठेवायला सांगितलं व्हतं."

"वय झालं तुमचं, चाचा. उद्यापासून येऊ नका."

तेव्हा मला बोलता आलं असतं. मी ओलं कापड पिळत राहिलो.

कायमचे मुरूडला जाताना त्यांची ट्रंक मीच खाडीवरच्या होडीपर्यंत नेली. चाचा म्हणाले, "माझी लेक हाय. तुला कोन हाय हितं?" होडी सुटली, आणि मला हायसं वाटलं. ते हायसं वाटणं अजून मला झोपू देत नाही.