समोरच्या सिस्टर आणि त्यांचा संताप

माणसं सत्तर-सत्तर वर्षं न वाचता जगतात आणि त्यांना त्याची जराही लाज वाटत नाही, या गोष्टीचा आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या सिस्टरांइतका संताप अख्ख्या नाशिक जिल्ह्यात दुसऱ्या कोणाला येत नसेल. सिस्टर म्हणजे निवृत्त परिचारिका. लग्न केलं नाही, नोकरीची बरीच वर्षं कळवण आणि सुरगाण्याच्या बाजूला काढली आणि मग नाशिक रोडला आमच्या कॉलनीत राहायला आल्या. दारावर त्यांच्या नावाची पाटी आहे, पण ते नाव कोणी वापरत नाही. आम्ही नवीन बिऱ्हाड थाटलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्या घर बघायला आल्या. स्वयंपाकघर, बाल्कनी, देवघर सगळं पाहून झालं आणि त्यांनी विचारलं, पुस्तकं कुठे ठेवलीत? मी म्हणालो, आवड खूप आहे हो, पण वेळच मिळत नाही. जखम चिघळू दिलेल्या पेशंटकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"सकाळी मोबाईल घेऊन संडासात किती वेळ बसतोस?"

माझ्याआधी माझ्या बायकोनेच उत्तर दिलं. त्याच संध्याकाळी एक जाडजूड कादंबरी आमच्या घरी आली आणि आठव्या दिवशी सिस्टर तोंडी परीक्षा घ्यायला हजर. मी सुरुवात आणि शेवट वाचून मधलं दडपून न्यायच्या बेतात होतो. दुर्दैवाने त्या मधल्या भागात नायकाचा भाऊ वारला होता आणि मी त्याच्याविषयी, तो हयात असल्यासारखा, बराच वेळ बोलत राहिलो. सिस्टरांनी पंधरा दिवस अबोला धरला. शेवटी लाजेखातर मी ते पुस्तक खरोखर वाचलं आणि त्या भावासाठी ऑफिसच्या बसमध्ये मला डोळे पुसावे लागले. हे त्यांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी वाटीभर शिरा पाठवला.

लग्न असो, बारसं असो, वास्तुशांत असो, त्या आहेर म्हणून पुस्तकच देतात. तिथे थांबल्या असत्या तर कोणाची तक्रार नव्हती, पण महिन्याभराने त्या पुस्तकाची खुशाली विचारायला जातात. दुसऱ्या मजल्यावर गेल्या तेव्हा त्यांनी दिलेलं पुस्तक वॉशिंग मशीनच्या एका पायाखाली सापडलं. सिस्टरांनी पदर खोचला, मशीन कलतं केलं आणि स्वतःच्या हाताने ते बाहेर काढलं. यजमानीणबाई चहाचा कप घेऊन तशाच उभ्या. तेव्हापासून ते मशीन कपडे पिळायला लागलं की सगळी इमारत थरथरते आणि सिस्टरांच्या चेहऱ्यावर न्याय झाल्याचं समाधान दिसतं.

त्यांच्या रागातून लेखकही सुटत नाहीत. त्यांची पुस्तकं उसनी आणली की समासात पेन्सिलीने काढलेली खरडपट्टी वाचायला मिळते. नायिका तापाने फणफणून कविता म्हणत असली तर शेजारी 'ताप किती? मोजला का?' असं लिहिलेलं असतं. एका नायकाच्या पायात गंजका खिळा घुसतो आणि तो तसाच प्रेयसीला भेटायला जातो. तिथे 'आधी धनुर्वाताचं इंजेक्शन!' असं इतक्या जोरात लिहिलंय की मागचं पान फाटलंय.

सुरगाण्याला असताना त्या दुपारच्या वेळी वॉर्डात कादंबरी मोठ्याने वाचून दाखवायच्या. पाय मोडून आलेला एक भातशेतकरी बरा झाला, घरी न्यायला जीप आली, तरी खाट सोडेना. पोरीचं लगीन व्हतं का नाय तेवढं सांगा, मंग जातो, म्हणाला. सिस्टरांनी जीप थांबवली आणि उरलेलं प्रकरण वाचलं. हे सांगतानासुद्धा त्या चिडतात. त्याला वाचता येत नव्हतं तरी त्याला पुढचं हवं होतं, आणि तुम्हाला शाळेत घालून काय उपयोग झाला, असं आम्हालाच सुनावतात.

त्यांचे थोरले भाऊ कळवणला मराठी शिकवायचे. पत्नी गेल्यावर ते बहिणीकडे राहायला आले. आम्ही त्यांना सर म्हणत असू. चार वर्षांपूर्वी त्यांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. ऐकलेलं सगळं कळायचं, पण ओठांवर शब्द येत नव्हता. वाचा सुधारण्यासाठी एक बाई घरी यायच्या. बिचाऱ्या मन लावून चित्रांची कार्डं दाखवायच्या. आंब्याचं चित्र समोर धरून हे काय आहे असं विचारलं की सर भिंतीकडे तोंड फिरवायचे. तीस वर्षं ज्यांनी मुलांना अलंकार आणि वृत्तं शिकवली त्यांना आम्ही आंबा ओळखायला लावत होतो. भेटायला येणारे नातेवाईक तर त्यांच्या उशाशी बसून, आता यांचं काय राहिलंय, असं त्यांच्यादेखत बोलायचे. अशा दोघांना सिस्टरांनी दारापर्यंत नेऊन पोचवलं आणि पुन्हा येऊ नका म्हणून सांगितलं. माझ्या मते तेही सौम्यच झालं.

मग त्यांनी दुपारी भावाला वाचून दाखवायला सुरुवात केली. महिनाभर सर खिडकीकडे बघत पडून राहिले. एके दिवशी दोन पानं चिकटलेली होती. सिस्टर थकल्या होत्या, त्यांच्या लक्षात आलं नाही. गोष्ट भांडणातून एकदम लग्नात गेली. खाटेवरून धाडकन आवाज आला. सर डाव्या हाताने कठड्यावर मारत होते आणि रागाने लाल झाले होते. दादाचा राग शाबूत आहे, हे सिस्टरांनी त्या दिवशी ओळखलं.

दुसऱ्या दिवसापासून त्या मुद्दाम चुकीचं वाचू लागल्या. पानं गाळायच्या, एकाचं वाक्य दुसऱ्याच्या तोंडी घालायच्या आणि सरांना सगळ्यात जास्त झोंबेल ते, म्हणजे प्रत्येक ण चा न करायच्या. सर हात आपटायचे, घशातून आवाज काढायचे. मला ते बघवेना. आजारी माणसाला असं छळता, हे बरं नाही, असं मी एकदा त्यांना म्हणालो. त्यांनी मला स्टुलावर बसवलं आणि वाचत राहिल्या.

"आनी म्हातारा म्हनाला, पोरी, मला पानी दे."

"णी," खाटेवरून आवाज आला.

सिस्टरांनी पुस्तकातून डोकं वर काढलं नाही. "काय म्हणालास दादा? ऐकू नाही आलं."

सरांच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या. "पा… पाणी."

मी धावत जाऊन पेला भरून आणला. सरांनी माझ्याकडे, नापास मुलाकडे बघावं तसं बघितलं. त्यांना तहान लागली नव्हती, त्यांनी उच्चार सुधारला होता. सिस्टर मात्र स्वयंपाकघरात गेल्या आणि ओट्याला धरून, माझ्याकडे पाठ करून, बराच वेळ उभ्या राहिल्या.

त्यानंतर सरांनी त्या कार्डवाल्या बाईंशीही सहकार्य केलं. पूर्वीसारखं बोलणं काही आलं नाही, पण चार-पाच शब्दांची वाक्यं जुळू लागली आणि त्यातली बहुतेक बहिणीच्या चुका काढण्यात खर्च होत. पुढे ते सव्वादोन वर्षं जगले. रोज दुपारी दोघांचं वाचन आणि भांडण आमच्या हॉलपर्यंत ऐकू यायचं. इतकी सुखी माणसं मी फार कमी पाहिली आहेत. मागच्या हिवाळ्यात अशाच एका दुपारी, वाचन चालू असताना, सर गेले.

तेरावं झाल्यावर सिस्टर आमच्याकडे आल्या. हातात त्या दुपारी अर्धवट राहिलेलं पुस्तक होतं, वर्तमानपत्राच्या कपट्याची खूण घातलेलं. म्हणाल्या, चाळीसेक पानं राहिलीत, तू वाच, शेवट मला सांगायचा नाही.

मी वाचलं. शेवट फार चांगला आहे. भाजीबद्दल, उन्हाबद्दल, जिन्यातल्या दिव्याबद्दल आम्ही बोलतो, पण त्या पुस्तकाचा विषय दोघंही काढत नाही. परवा दार लावता लावता त्या थांबल्या.

"दादाला आवडला असता का रे?"

मी हो म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि हळूच दार लावून घेतलं.