वहिनींच्या मनगटावरचा अ

भागूवहिनी गेल्याचा फोन माझ्या माहेरच्या गावाहून, हट्ट्याहून आला, तेव्हा डोळ्यांत पाणी यायच्या आधी मला हसू आलं. खोटं कशाला सांगू? आधी आठवलं ते त्यांचं गोंदण... आता महिना होत आला, तरी तेच आठवतं.

निजामाच्या अमलातली गोष्ट. वहिनी आमच्या शेजारच्या दादाशी लग्न करून आल्या तेव्हा सतरा-अठरा वर्षांच्या, मी नऊ वर्षांची. हातावर नवऱ्याचं नाव गोंदल्याशिवाय सून घरची होत नाही, असं त्यांच्या सासूबाईंचं ठाम मत. दरसाल शेतातली हळद काढून झाली की गोंदणारीण गावात यायची आणि वहिनी तिला परत पाठवायच्या. सुईची भीती नव्हती. "जे मला वाचता येत न्हाई, ते जल्मभर हातावर कसं वागवू?" एवढंच त्या म्हणायच्या. "आमी काय वाचून गोंदलं व्हय?" सासूबाई फणकारायच्या. वहिनी हात पदराखाली घ्यायच्या.

गावच्या शाळेत तेव्हा उर्दू. मराठी अक्षरं मला वडिलांनी घरी शिकवली होती, ती मी दुपारच्या वेळी वहिनींना शिकवू लागले. पाटीवर पहिला अ मीच काढून दिला, पोट फुगलेला, उभी रेघ कलंडलेली. वर्षभरात त्या वाचू लागल्या आणि तिथंच घोटाळा झाला. सासूबाईंच्या हाताला तेल चोळता चोळता एकदा त्या थबकल्या. सासऱ्यांचं नाव माणिक, हातावर मात्र 'गंगाराम'. शेजारणीचा हात पाहिला, तिथंही गंगाराम. जुन्या गोंदणारणीला एकच नाव काढता येत असावं, बहुधा तिच्या स्वतःच्या नवऱ्याचं. निम्मं गाव गंगारामाचं होऊन बसलं होतं.

आणि नेमका सासूबाईंनी हौसेनं हात पुढं केला. "वाच बरं, काय लिव्हलंय?" मी जवळच बसले होते. चाळीस वर्षं ती बाई तो हात जपत होती. वहिनींनी पदर सावरला. "आत्याबाई, सासऱ्याचं नाव सुनेनं घ्यावं व्हय?" सासूबाई खूश झाल्या. त्या माझ्याकडं वळायच्या आत वहिनींनी मला पाणी आणायला पिटाळलं.

त्याच साली वहिनींनी गोंदून घेतलं. माझ्याकडून पाटीवर पुन्हा तसाच अ काढून घेतला आणि ती पाटी गोंदणारणीपुढं ठेवली. "हा एवढा अ काढ. बराबर असाच, सुधरू नको." सासूबाईंनी वाकून पाहिलं. "एवढुसं नाव?"

"बारीक हाय, पण पक्कं हाय."

"वहिनी, दादाचं नाव काहून न्हाई?" मी मागाहून विचारलं. सुजलेल्या मनगटावर हळद दाबत त्या म्हणाल्या, "मेल्यावर दागिने इथंच राहतात, गोंदण तेवढं संगं येतं म्हणतात. त्यांचं नाव मला पाठ हाय. हे इसरलं तर तिथं कोण शिकवंल?"

फोन आल्यावर मी हट्ट्याला पोचले तेव्हा वहिनींना आंघोळ घालणं चाललं होतं. त्यांच्या नातसुनेनं मनगट पुसता पुसता विचारलं, "आजी, हे काय हाय वो?" मी तो हात हातात घेतला. सुरकुत्यांनी ती रेघ आणखीच कलंडली होती.

"माझं अक्षर हाय," मी म्हणाले.

ते आता वहिनींसंगं गेलं.